बुवांचा अडकित्ता

गुंडोबुवा म्हणजे आंबेघाटच्या राजेसाहेबांचे गाण्यातले गुरू. त्यांच्या शब्दाबाहेर दरबार जात नसे.

दरबारच्या गायिका म्हाळसाबाई गायला बसल्या की बुवा समोर बसून सुपारी कातरत. बाई मोठी तान घेऊन समेवर येत, लोकांच्या माना डोलू लागत, आणि नेमका तेव्हाच बुवांचा अडकित्ता कट्कन वाजे. बारा वर्षं बाईंनी तो आवाज मुकाट्यानं गिळला होता.

दसऱ्याच्या मैफलीत बाईंनी सवतीमत्सराचं पद काढलं. पहिली ओळ संपते न संपते तोच बुवांनी हात वर केला.

"सरकार, हिला ना नवरा, ना सवत. मत्सर कशाशी खातात ते हिला काय ठाऊक? असलं खोटं गाणं दरबारात नको. नारळ द्या हिला."

राजेसाहेबांनी बाईंकडे पाहिलं. "काय म्हणणं आहे तुमचं?"

बाईंनी मांडीवरचा तंबोरा खाली ठेवला नाही.

"नवरा नाही हे खरं, सरकार. मत्सर मी बुवांकडून शिकले. सुपारी काय, केव्हाही कातरता येते. पण बारा वर्षांत बुवांचा अडकित्ता माझी एकही सम चुकला नाही. इतकं मन लावून माझं गाणं दुसऱ्या कुणी ऐकलेलं नाही."

दरबारात खसखस पिकली. राजेसाहेब मिशीतल्या मिशीत हसत म्हणाले, "चालू द्या."

बाईंनी पद पुन्हा पहिल्यापासून उचललं. सम आली तशा सगळ्यांच्या नजरा बुवांकडे वळल्या. अडकित्ता उघडा होता, सुपारी आत होती, आणि बुवांना तो मिटवेना.