लाख लावलेला मणी

एकदा एका नदीकाठच्या गावात एक वृद्ध गवई राहत होते. लोक त्यांना नुसते ‘बुवा’ म्हणत. गावाला अभिमान होता तो बुवांच्या षड्जाचा, सा या सुराचा. दोघांत वाद झाला, की तिसरा म्हणे, “बुवांच्या षड्जाची शपथ घेऊन सांग.” बैठकीत बुवांनी अंतऱ्यात वरचा सा, म्हणजे तार षड्ज, लावला, की सगळ्या माना एकदम डोलत. कुणाची मान जरा उशिरा डोलली, तर शेजारचे वळून पाहत. अशा गावात बुवांच्या गाण्याविषयी स्वतःचे मत असण्याची कुणालाच गरज नव्हती. मत तयारच होते, प्रत्येकाने ते आपापल्या वेळी उच्चारायचे एवढेच.

बुवांच्या मागे तानपुऱ्यावर त्यांचे दोन शिष्य बसत. थोरला भार्गव, वीस वर्षे गुरुगृही राहिलेला, बुवांच्या पथ्यपाण्यापासून बैठकी ठरवण्यापर्यंत सगळे पाहणारा. धाकटी अंबिका. गाणे शिकायचे म्हणून ती अकरा वर्षांपूर्वी वडिलांशी भांडून आली होती. घरचे दार तेव्हाच लागले आणि पुन्हा उघडले नाही. बुवांच्या घराखेरीज तिला घर उरले नव्हते.

त्या घराची एक रीत होती. बैठकीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, रियाझाच्या आधी, बुवा दोघांना समोर बसवीत आणि विचारीत, “काल काय ऐकलंत?” मग भार्गव सांगे आणि त्याच्यामागून अंबिका. बरीच वर्षे त्या प्रश्नाला एकाच चवीची उत्तरे येत होती.

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे. तानपुऱ्याच्या प्रत्येक तारेत, घोडीच्या, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीच्या, खालच्या अंगाला एक मणी ओवलेला असतो. सूर बारीक मिळवायचा तो या मण्याने. मणी घोडीकडे किंचित सरकवला, की तार किंचित उतरते. समोर बसलेल्याला ते दिसतही नाही.

चार वर्षांपूर्वी हिवाळ्यात बुवांना मोठे दुखणे आले. त्यातून उठल्यावरच्या पहिल्याच बैठकीत अंतरा आला, आवाज वर चढला आणि षड्जाच्या केसभर अलीकडे थांबला. भार्गवचा डावा हात गुपचूप खाली गेला. त्याने मणी सरकवला आणि अंबिकेला डोळ्याने खुणावले. तिनेही सरकवला. तबलजी जुने, जाणते. त्यांनी हातोडी उचलून तबल्याच्या गजऱ्यावर, कडेच्या चामडी वेणीवर, खालून एक हलका ठोका देऊन तबलाही तेवढाच उतरवला. सगळे पुन्हा एका सुरात आले. म्हाताऱ्या माणसाच्या पायाखालची सतरंजी सुरकुतली, तर आपण ती सारखी करतोच. तसेच त्यांना ते वाटले. पुढे प्रत्येक बैठकीत तसेच होऊ लागले. बुवांचा सूर बरोबरच लागत असे, कारण सूरच त्यांच्याकडे चालत येत असे.

अंबिकेलाही त्यात वावगे वाटले नव्हते. मग एका पहाटे ती एकटी रियाझ करत होती. वरच्या सा-पाशी तिचा आवाज अडखळला आणि तिचा स्वतःचा हात आपसूक मण्याकडे गेला. तिने तो चटका बसल्यासारखा मागे घेतला. पुन्हा गाऊन पाहिले, तर तो सा चढा आहे की आपण उतरलो आहोत, हेच तिला नीट कळेना. चार वर्षे कानाला जी सवय लावली होती ती आता फळाला आली होती. त्या सकाळी ती मनापासून घाबरली, आणि घाबरल्यावरच तिचा निश्चय झाला.

चारच दिवसांनी देवळात बैठक झाली. दुसऱ्या दिवशी बुवांनी नेहमीचा प्रश्न विचारला.

“अंगावर काटा आला, बुवा,” भार्गव म्हणाला. “तार षड्ज असा लागला की देवळातले दिवे थरथरले.”

“आणि तू?”

अंबिका म्हणाली, “बुवा, षड्ज पोहोचला नाही.”

“अंबिके, तोंड सांभाळ,” भार्गव म्हणाला.

बुवांनी हात वर करून त्याला थांबवले. “किती उणा पडला?”

“मणी अर्धं बोट सरकवावा लागला, एवढा.”

“कुणी सरकवला?”

“मी,” अंबिका म्हणाली. तिने दुसरे नाव घेतले नाही. पण भार्गवची मान खाली गेली आणि बुवांना जे कळायचे ते कळले.

“केव्हापासून?”

“चार हिवाळे झाले.”

बुवा म्हणाले, “आज रियाझ नाही.” काठी घेऊन ते नदीकडे निघून गेले.

ते दिसेनासे होताच भार्गव उसळला. “समाधान झालं? त्यांच्याजवळ दुसरं होतं काय? ते तेवढं तू काढून घेतलंस.”

“दादा, ते त्यांच्याजवळ नव्हतंच. आपण रोज आणून ठेवत होतो.”

“आठ दिवसांवर शेटजींकडे बैठक आहे. सगळा गाव येणार. तिथे काय करणार आहेस?”

“मी मणी हलवणार नाही.”

“मग या घरात तुला जागा नाही. बुवांनी ठेवली तरी मी राहू देणार नाही.”

“नका राहू देऊ,” ती म्हणाली. “पण मी हलवणार नाही.”

घरातली गोष्ट घरात राहते थोडीच? दोन दिवसांत ती पाणवठ्यावर पोहोचली. बुवांचा सा उतरला असे म्हणणारी एक शिष्या निघाली आहे, एवढे कळल्यावर लोकांना पुढचे काही ऐकायचे नव्हते. कुणी म्हणे, खाल्ल्या घरचे वासे मोजते आहे. कुणी म्हणे, स्वतःला पुढे यायचे असेल. बुवांचा षड्ज खरोखर कसा लागतो, हे पाहण्याची मात्र कुणाला इच्छा झाली नाही. भाजीवाली रोज तिला मूठभर कोथिंबीर वर टाकायची, तिनेही हात आखडता घेतला. अंबिका निमूटपणे भाजी घेऊन घरी येई आणि रियाझाला बसे. आठ दिवस बुवांनी त्या विषयाचा चकार शब्द काढला नाही. आपल्याला घरी ठेवणार की घालवणार, हे विचारण्याचा धीर तिलाही झाला नाही. आपले कपडे मात्र तिने एका गाठोड्यात बांधून ठेवले.

शेटजी कापडाचे व्यापारी होते. त्यांनी नवा दिवाणखाना बांधला होता आणि त्याचा शुभारंभ बुवांच्या गाण्याने व्हावा अशी त्यांची हौस होती. तिसऱ्या प्रहरी बुवा दोन्ही शिष्यांसह तिथे पोहोचले.

“अंबिके, दोन्ही तानपुरे तू लाव,” बुवा म्हणाले.

तिने जीव ओतून तानपुरे लावले. बुवांनी डोळे मिटून ऐकले, मान हलवली आणि यजमानांना हाक मारली.

“शेटजी, गाठोड्यांवर मोहोर करायला लाख लावता ना तुम्ही? तिची एक कांडी द्या. आणि एक पेटतं निरांजन.”

शेटजींनी चकित होऊन लाख आणवली. बुवांनी कांडी ज्योतीवर धरली आणि एकेका मण्यावर लाखेचा एकेक थेंब टाकला. दोन तानपुरे, आठ तारा, आठ मणी. लाख थिजली आणि मणी जागच्या जागी घट्ट बसले.

“बुवा, अहो, चांगल्या तानपुऱ्यांची नासाडी का करता?” शेटजींना राहवले नाही.

“नासाडी होऊ नये म्हणूनच,” बुवा म्हणाले. मग त्यांनी तबलजींची हातोडी मागून घेतली आणि स्वतःच्या मांडीखाली ठेवली. तबलजींनी भार्गवकडे पाहिले. भार्गवचा चेहरा उतरला होता.

दिवाणखाना भरला. बुवांनी मुलतानी राग सुरू केला. विलंबित संथपणे पुढे गेले, गाव सुखावला. मग अंतरा आला. अंबिकेने डावा हात मांडीवर घट्ट दाबून धरला. आवाज पायरी पायरीने चढत गेला, शेवटच्या पायरीपाशी आला आणि केसभर खाली थांबला. भार्गवचा हात सवयीने खाली गेला आणि बोटांना गार लाख लागली.

तानपुरे होते तिथेच बोलत राहिले आणि बुवांचा आवाज त्यांच्या खाली उघडा पडला. ते सगळ्यांना ऐकू आले. पुढच्या रांगेतल्या एका रसिकांच्या तोंडून सवयीने “वाहवा” निघून गेले होते. आपण कशाला दाद दिली हे ध्यानात येताच ते पानाच्या तबकात काहीतरी शोधू लागले. बुवांनी पुन्हा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा केला. कपाळाच्या शिरा तटतटल्या, पण सूर आला नाही. अंबिकेच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. एका क्षणी तिला वाटले, लाख नखाने खरवडून काढावी. तिचा हात मात्र हलला नाही.

बुवा थांबले. श्रोत्यांना शांतपणे म्हणाले, “ऐकलंत? मी इथवर येतो. याच्या वर आता मला जाता येत नाही.”

मग त्यांनी वर जाणे सोडून दिले. खालच्या सा-वरून ते आणखी खालच्या सप्तकात, मंद्रात उतरले, आणि तिथे जे त्यांच्या गळ्यात राहिले होते ते सगळे अर्धा तास गायले. तो आवाज जाड होता, थकलेला होता आणि पूर्णपणे सुरात होता. काही लोक मधूनच उठून गेले. बाकीच्यांना दाद केव्हा द्यायची ते कळेना, कारण ओळखीची जागा येतच नव्हती. त्यामुळे ते नाइलाजाने ऐकत बसले.

बैठक संपल्यावर शेटजी कानाशी येऊन म्हणाले, “लोक तार षड्ज ऐकायला आले होते, बुवा.”

“मीही त्यालाच ऐकायला आलो होतो,” बुवा म्हणाले. “चार वर्षांनी तो जागेवर भेटला.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे समोर बसले. अंबिकेचे गाठोडे दारापाशी होते. बुवांनी प्रश्न विचारण्याआधीच भार्गव म्हणाला, “बुवा, सगळ्या गावासमोर स्वतःची शोभा का करून घेतलीत? बैठका बंद केल्या असत्या तरी चाललं असतं. तुमचं नाव राहिलं असतं.”

बुवा म्हणाले, “भार्गवा, तू मणी सरकवलास तो मायेपोटी. त्याचा मला राग नाही. पण गाणारा स्वतःला आतून ऐकत असतो, बाहेरून ऐकायला त्याला दुसऱ्याचा कान लागतो. काल काय ऐकलंत, असं मी विचारत होतो ते त्यासाठी. तुम्हाला वाटलं, म्हाताऱ्याला कौतुक हवं आहे. गाव म्हणायचा बुवांचा षड्ज, आणि मीही मानून बसलो. षड्ज कुणा बुवाचा नसतो रे. तो एकाच्या सोयीने हलला की बाकीच्यांनी कुठे उभं राहायचं? वरचा सूर गेला याचं मला दुःख आहे. पण गेला हे तेव्हाच कळतं, तर मी तेव्हाच खाली उतरलो असतो. काल मंद्रात जे सापडलं ते चार वर्षं शोधलं असतं. तेवढा वेळ आता माझ्यापाशी आहे की नाही कोण जाणे.”

भार्गवने बुवांच्या पायांवर हात ठेवला आणि तसाच बसून राहिला.

बुवा अंबिकेकडे वळले. “गाव तुला उद्धट म्हणतो. तू मनात त्याला धैर्य म्हणत असशील. मी एवढंच म्हणतो, की तुला चार वर्षं उशीर झाला.”

“हो, बुवा,” ती म्हणाली. आपली पाठ थोपटली जाईल असे तिला कुठेतरी वाटत होते, ते वाटणे तिथेच गळून पडले. आणि तिला बरे वाटले.

“ते गाठोडं आत ठेव. भार्गवा, चाकू घे आणि लाख खरवडून काढ.”

“काढू?” भार्गवने विचारले. “मग मणी पुन्हा हलेल.”

“हललाच पाहिजे. त्याशिवाय तानपुरा लागायचा कसा? लाख कालच्यापुरती होती. रोज आपला हात आपणच आवरायचा.”

भार्गवने लाख काढली, मणी सैल केले आणि तानपुरा मिळवला. बुवांनी तो स्वतःच्या पुढ्यात घेतला आणि अंबिकेला म्हणाले, “आज तू गा. मी मागे बसतो.”

ती गाऊ लागली. अंतरा आला. ती वर चढली आणि केसभर खाली राहिली. मागची तार होती तिथेच बोलत होती. अंबिकेने मान वळवून पाहिले. बुवांचा उजवा हात तारांवर होता, डावा गुडघ्यावर उताणा पडलेला होता, आणि त्यांच्या डोळ्यांत अपार माया होती.

ती पुन्हा चढली. पुन्हा उणी पडली. तिसऱ्या वेळी ती पोहोचली, आणि पोहोचली हे या वेळी तिला कुणी सांगण्याची गरज पडली नाही.

आपल्यालाही आपले एखादे माणूस अधूनमधून विचारतेच, “कसं झालं?” उत्तर देण्याआधी आपला डावा हात कुठे आहे, तेवढे पाहावे.