रेशमावरचा पाट

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा डोंगरावर एक मोठं तळं होतं आणि डोंगराखाली पाच तहानलेली गावं होती. तळं बाराही महिने भरलेलं असे. गावांतल्या विहिरी मात्र माघ सरता सरता तळ दाखवत.

पाचही गावांनी ठरवलं, की तळ्यापासून खालपर्यंत पाट खणायचा. राजाचा हुकूम नव्हता, सक्ती नव्हती. ज्याला यायचं त्यानं यावं आणि खणावं. प्रत्येक गावानं आपापल्या शिवारातला तुकडा खणायचा आणि पुढच्या गावाच्या तुकड्याला जोडायचा.

आता असं काम म्हटलं, की चित्र हवं. पाट कुठून निघतो, कुठे वळतो, कुणाचा तुकडा कुठे संपतो, हे सगळ्यांना दिसायला हवं. म्हणून वरच्या गावाच्या चावडीत पाच गावांची बैठक बसली.

मधल्या गावात चिमाई नावाची पाथरवटीण होती. दगड फोडून तिचे हात दगडासारखेच झाले होते. ती म्हणाली, "चित्र कोळशानं आणि गेरूनं काढू. पाची गावांच्या चावडीत, आतल्या भिंतीवर, एकसारखं. कुठे बदल झाला, की त्या गावानं पुसायचं, नवं काढायचं आणि माणूस धाडून बाकी चार गावांच्या भिंतीही बदलायच्या."

"कोळसा!" वरच्या गावाचे पाटील हसले. "एवढं मोठं काम, आणि त्याचं चित्र चुलीतल्या कोळशानं? पुसून गेलं तर?"

"एक भिंत पुसली तर चार उरतात, पाटील."

पण पाटलांनी आधीच राजधानीहून विश्वंभर चितारी बोलावला होता. त्यानं पुढे येऊन रेशमाची गुंडाळी सोडली. आहाहा! निळं तळं, हिरवा डोंगर, सोनेरी रेघेचा पाट. लोक माना पुढे करून बघतच राहिले.

"माझी शाई पाण्यानं जात नाही, उन्हानं उडत नाही," चितारी म्हणाला. "ती कशी करायची हे मला एकट्यालाच ठाऊक आहे. दुसरा कुठलाही रंग या रेशमावर धरत नाही. तेव्हा याला कुणी हात लावायचा नाही. काही बदलायचं झालं, तर मला निरोप धाडायचा."

चिमाई ताडकन उठली. "काम आमचं, घाम आमचा, आणि चित्र तेवढं याचं? उद्या खणताना जमीन वेगळंच काही म्हणाली, तर आम्ही याची वाट बघत बसायचं?"

"बस खाली, चिमाई," पाटील म्हणाले. "सुंदर गोष्टीला नावं ठेवायची खोड बरी नाही."

बैठकीनं रेशीम निवडलं. खालच्या गावाचा म्होरक्या सटवाजीही रेशमाच्याच बाजूनं बोलला. मुलांनो, एक सांगून ठेवतो. त्या बैठकीत मूर्ख कुणी नव्हतं. त्यांना फक्त डोळ्यांना गोड लागलं होतं.

काम सुरू झालं. तीन महिन्यांनी मधल्या गावाच्या तुकड्यात काळा पत्थर लागला. चिमाईनं घण घातले, आठ दिवस घातले. छिन्न्या तुटल्या, पत्थर हलला नाही. शेवटी तिनं पाट टेकडीला वळसा घालून नेला. त्यामुळे त्याचं तोंड चित्रातल्या चिंचेच्या बनाऐवजी खालच्या गावाच्या घरांच्या वरच्या अंगाला निघालं. खालच्या गावानं आपला पाट तिथवर आणून जोडला, की झालं.

ती वरच्या गावाच्या चावडीत गेली. "पाटील, वळण बदललंय. चित्रात घ्या."

"रेशमाला हात लावता येत नाही. चिताऱ्याला निरोप धाडतो."

निरोप गेला. उत्तर आलं, की चितारी दुसऱ्या राजाचा महाल रंगवतोय, दिवाळी झाल्यावर येईल.

चिमाईनं आपला भाऊ खालच्या गावी धाडला. सटवाजीनं त्याचं ऐकून घेतलं आणि तो सरळ वरच्या चावडीत जाऊन रेशीम बघून आला. मग म्हणाला, "रेशमावर पाट चिंचेच्या बनाशीच येतो. तुझ्या बहिणीला म्हणावं, बैठकीत हरलीस म्हणून आता नवी वळणं काढू नकोस." आणि त्याच्या माणसांनी चिंचेच्या बनाशीच खणलं. मन लावून खणलं. जिथे पाणी येणारच नव्हतं तिथे.

पाणी सोडायचा दिवस पाटलांनी जाहीर केला. त्या सकाळी चिमाई तळ्याचं पाणी अडवणाऱ्या दारासमोर आडवी उभी राहिली.

"आधी माणूस पाठवा! खालच्या गावानं तोंड जुळवलंय का ते डोळ्यांनी बघून येऊ दे!"

"जुळलंय," पाटील म्हणाले.

"कुठे जुळलंय?"

"रेशमावर."

चौघांनी तिला धरून बाजूला ओढलं. ढोल वाजले. दार उचललं.

पाणी पाटानं धावलं, टेकडीला वळसा घालून गेलं आणि तोंडाशी आलं. पुढे पाट नव्हता. पाण्याला रेशीम वाचता येत नाही. ते उतारानं सरळ खालच्या गावात घुसलं. अकरा घरं पडली. जमिनीत धान्य साठवायची पेवं भरली, चिखलानं. सटवाजीचा आंधळा बाप ओसरीवर बसून पाण्याचा आवाज कौतुकानं ऐकत होता. तो वाहून गेला.

दुपारी सटवाजी वरच्या चावडीत आला. अंगभर चिखल, डोळे लाल. त्यानं रेशीम खेचून खाली ओढलं.

"हात लावू नकोस!" पाटील ओरडले. हो, तेव्हाही! माणूस बापाला शोधून, त्याचं प्रेत उचलून आला होता, आणि पाटलांना काळजी रेशमाची.

"यात ते वळण कुठे आहे?" सटवाजीनं विचारलं. "दाखवा मला. माझ्या बापाला नेणारं पाणी जिथून आलं ते वळण दाखवा."

सटवाजीनं रेशीम जमिनीवर फेकलं आणि चिखलाच्या पायांनी तुडवलं. चिमाईही तिथे आली होती; तिनं ते उचललं, घागरभर पाणी ओतलं. चिखल निघून गेला. चित्र तसंच्या तसं राहिलं. तितकंच सुंदर आणि तितकंच खोटं.

मग ती सटवाजीकडे वळली. तिच्या आवाजात दया नव्हती. "माझा भाऊ आला होता तुझ्याकडे. तू त्याला हाकललंस. खणणाऱ्या हातापेक्षा तुला कापड खरं वाटलं. माझ्यावर ओरडायला आलास तर परत जा. काम करायला आलास तर हा घे कोळसा."

सटवाजीनं कोळसा घेतला. चावडीच्या भिंतीवर त्यानं ते वळण काढलं. रेघ वाकडी आली. पण बरोबर जागी आली.

पाच गावांनी पाटलांची पाटीलकी काढून घेतली. पाच भिंती रंगल्या, पुसल्या, पुन्हा रंगल्या. पाट पुरा व्हायला आणखी एक वर्ष लागलं. दिवाळीनंतर विश्वंभर शाईची कुपी घेऊन आला, तेव्हा चिमाईनं त्याला भिंत दाखवली. "काढायचं असेल तर कोळशानं काढ. चुकलास तर आम्ही पुसू." तो आल्या पावली निघून गेला. पडलेली घरं त्याला वाटेत दिसली असतील. त्यानं एकाही दारी थांबून विचारपूस केली नाही.

म्हणून लहानांनी आणि थोरांनीही ध्यानात ठेवावं: जे काम सगळ्यांनी मिळून करायचं, त्याचं चित्र सगळ्यांना वाचता, पुसता आणि बदलता आलं पाहिजे.