भागाईची गळती

फार वर्षांपूर्वी, अंगणातल्या दगडावर पापड भाजून निघत तेव्हाची ही गोष्ट. वऱ्हाडातल्या आसरखेडात भागाई नावाची गुरवीण होती. महादेवाचं देऊळ तीच सांभाळायची. वैशाखात देवाला उष्मा होऊ नये म्हणून पिंडीवर गळती टांगतात, म्हणजे बुडाला भोक पाडलेली मातीची घागर. तिच्यातून थेंब थेंब पाणी देवावर पडतं. गळती थांबली तर देव कोपतो आणि पाऊस वेशीवरूनच परत फिरतो, असं म्हणतात.

गावात झिपऱ्या नावाचा कुत्रा होता. तो कुणाचाच नव्हता, म्हणून सगळ्यांकडे जेवायचा. एका दुपारी तो देवळासमोर धापा टाकत कोसळला. तोंडाला फेस आला, डोळे फिरले. एकानं त्याला कांदा हुंगवला, दुसऱ्यानं चप्पल. कुणी मीठमोहऱ्या ओवाळल्या. झिपऱ्या शिंकला, इतकंच. मग कुणीतरी ओरडलं, "पिसाळलं असंन!" आणि सगळं गाव मागे सरलं.

भागाईनं मात्र हात लावून पाहिलं. "अवं माय! तव्यावानी तापलं लेकरू. ऊन लागलं याले."

तिनं त्याला उचलून नंदीशेजारी गार फरशीवर निजवलं. विहीर आटलेली, जवळ पाणी होतं ते देवाचंच. तिनं गळती सोडून आणली आणि थेंबापुरतीच वाट ठेवणारी भोकातली काडी उपसली. झिपऱ्याच्या पोटावर धार लागली. भागाई ओल्या पदरानं त्याचे पंजे पुसू लागली, सुपानं वारा घालू लागली.

देवमन पाटील धावत आले. "भागाई, देव कोरडा पडला! आता पाऊस गेला तं?"

"पाटीलबुवा, दगडाच्या देवाले ऊन लागते, अन् या जिवाले नाही लागत काय?"

"कुत्रं मेलं तं या देवळाची पायरी चढायची नाही!"

भागाईला देवळाशिवाय दुसरं घर नव्हतं. तरी सूप थांबलं नाही.

पाटील गाभाऱ्यात शिरले आणि पिंडी किती सुकली ते वाकून पाहत बसले. पाहतात तो काय, पिंडीवर टपटप थेंब! "गंगा उतरली!" म्हणत त्यांनी लोटांगण घातलं. तो पाटलांच्याच कपाळाचा घाम होता, असं काही चहाटळ म्हणतात. मला विचाराल तर पाटलांनी गावासाठी घाम गाळला, हाच चमत्कार.

इकडे झिपऱ्यानं मान उचलली, भागाईच्या ओंजळीतलं पाणी चाटलं. ती रडायलाच लागली. मग तो उठला आणि त्यानं अंग असं झाडलं, की थेंब शेजारच्या गावापर्यंत उडाले आणि तिकडच्यांनी पेरणीची घाई केली, असं म्हणतात.

आसरखेडात आजही वैशाखात पहिली गळती बाहेर लिंबाखाली टांगतात. तिला भागाईची गळती म्हणतात. तिच्याखाली गावची कुत्री तंगड्या पसरून झोपतात. पिंडीवरची गळती त्यानंतर. देवाच्या आधी कुत्र्याचा मान कसा, असं कुणी पाहुण्यानं विचारलंच, तर म्हातारे सांगतात, "देवाले दम धरता येते, बाप्पा. कुत्र्याले नाही."