सुलटी फेरी

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हाच्या राजाचं नाव कुणालाच आठवत नाही, आणि मलाही विचारू नका. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनी जरा जास्तच कान देऊन ऐकावी. कारण यात जे घडलं ते पोरासोरांच्या बाबतीत घडत नाही. त्यासाठी माणूस मोठा आणि थोडा शहाणा असावा लागतो.

त्या राज्यात नदीकाठी राजाचा दोरांचा कारखाना होता. नावेचे दोर, विहिरीचे दोर, तंबूचे दोर, पाळण्याचे दोर, सगळे इथलेच. चारशे पावलं लांब अशी एकच एक पडवी, आणि तिच्या एका टोकाला लाकडी चाकं. एकानं चाक फिरवायचं. दुसऱ्यानं कमरेभोवती अंबाडीचा भारा गुंडाळायचा, तंतूंचं टोक चाकाच्या आकड्याला अडकवायचं आणि तंतू सोडत सोडत मागं चालायचं. तोंड चाकाकडे, पाठ जिकडे जायचं तिकडे. उलटं चालल्याशिवाय दोर वळला जात नाही, त्याला कुणाचाच इलाज नाही. एकेक माणूस दिवसाकाठी दीड कोस उलटा चालायचा.

म्हणून तिथं एक रीत होती. संध्याकाळी टोल पडला की प्रत्येकानं पडवीच्या लांबच्या टोकाला उभं राहायचं, आज आपण वळलेल्या दोरावर हात ठेवायचा आणि तो दोर चाचपत, डोळ्यांनी बघत, सरळ पावलांनी चाकापर्यंत यायचं. हिला सुलटी फेरी म्हणत. फेरी झाली की चाकाजवळच्या मोठ्या दारानं बाहेर पडायचं आणि बाजारपेठेतून घरी जायचं. टिवल्याबावल्या करणारे कामगारही ही फेरी चुकवत नसत. का, ते कुणी विचारत नसे.

या कारखान्यात निंबाजी नावाचा एक माणूस होता. हात चांगला, डोकं चांगलं, दिसायलाही बरा. पण त्याला त्या कामाची लाज वाटायची. त्याच्या बरोबरीचा एक सवंगडी राजाच्या घोडदळात लागला होता आणि पेठेतून घोडा नाचवत जायचा. तो दिसला की निंबाजी तोंड फिरवायचा. आपण उलट्या पावलांची भुतं होऊन दिवसभर चालतो, असं तो स्वतःशी म्हणायचा. शेजारीपाजारी त्यानं सांगून ठेवलं होतं की मी दरबारात कारकून आहे. बायकोला, चिमाला, खरं ठाऊक होतं, पण नवऱ्याचं हसं कशाला करा म्हणून ती गप्प बसायची. त्यांना एक तीन वर्षांची मुलगी होती, मैना. बापाच्या अंगावर चढून त्याचे कान ओढल्याशिवाय ती जेवायची नाही. निंबाजीचा सगळा जीव तिच्यात होता, हे मात्र खरं.

पडवीच्या लांबच्या टोकाला एक लहान दार होतं. अंबाडीचे गठ्ठे आत घ्यायला केलेलं. निंबाजीनं ते हेरलं. मोठ्या दारानं गेलं तर पेठेतले लोक बघणार. मग त्यानं काय करावं? टोल पडला की सगळे दोरावर हात ठेवून चालू लागायचे आणि हा गडी त्या मागच्या दारानं सटकायचा. बाहेर झुडपाआड कपडे बदलायचे, पागोटं चढवायचं आणि शेतांमधल्या पांदीनं, लांबच्या वाटेनं घर गाठायचं. आपण दिवसभर काय वळलं ते त्यानं एकदाही वळून पाहिलं नाही.

तात्या म्हणून एक म्हातारा मुकादम होता. त्यानं निंबाजीला एकदा अडवलं आणि समजावलं, की बाबा, पायांना दिवसभर मागं जायला लावतोस, तर तेवढं एकदा त्यांना पुढं नेत जा, नाहीतर त्यांना तीच सवय लागते. निंबाजी हसला. म्हणाला, "तात्या, मी इथं चार दिवसांचा पाहुणा आहे. तुमच्या रीती तुम्हाला."

चार दिवसांची तीन वर्षं झाली.

पहिल्यांदा कळलं ते वहाणांवरून. नव्या वहाणा पंधरा दिवसांत चवड्याला झिजायच्या आणि टाचेला कोऱ्या राहायच्या. मग गल्लीतला कुत्रा, रोज शेपूट हलवणारा, त्याला बघून भिंतीला चिकटून गुरगुरू लागला. निंबाजीनं तिकडे कानाडोळा केला. पुढं पांदी लांबल्यासारखी वाटू लागली. पांदीतल्या चिंचेच्या झाडापासून घर शंभर पावलांवर होतं. ते दीडशेवर गेलं. मग तीनशेवर. पाय थकले असतील, असं म्हणून त्यानं मनाची समजूत घातली.

चिमानं जे पाहिलं ते मात्र तिनं कुणाला सांगितलं नाही. संध्याकाळी ती अंगणात सडा घालायची. निंबाजी त्या ओल्या अंगणातून घरात यायचा, पाटावर बसायचा. आणि अंगणात पावलं उमटलेली असायची ती बाहेर जाणारी. आत येणारं एकही पाऊल नाही. दिवा धरून तिनं चार संध्याकाळी नीट बघितलं. माणूस घरात बसला आहे, भाकरी मोडतो आहे, आणि अंगण सांगतं आहे की तो निघून गेला.

एके दिवशी मैना त्याच्या समोर बसली होती. सहा वर्षांची झाली होती. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही इतके लांब का बसता?"

निंबाजी तिच्यापासून हातभर अंतरावर होता. त्यानं हसून हात पुढं केला. हात पोचला नाही. तो पुढं सरकला. मैना तिथंच बसली होती, हललीसुद्धा नव्हती, पण ती थोडी मागं गेली आणि थोडी लहान झाली. तो आणखी सरकला, ती आणखी लहान झाली. घर तेवढंच होतं, भिंती तेवढ्याच होत्या. आणि त्या एवढ्याशा घरात त्याची मुलगी बोटाएवढी दिसत होती आणि तिचा आवाज विहिरीच्या तळातून यावा तसा येत होता. निंबाजी घाबरला, फार घाबरला. तो त्या संध्याकाळी जेवला नाही.

तरी दुसऱ्या दिवशी तो मागच्याच दारानं निघाला. आहे ना गंमत? माणसाच्या तोंडचं पाणी पळतं, पण लाज सुटत नाही.

दिवस मावळत होता. पांदीत धूळ स्थिर होती. चिंचेपाशी आल्यावर त्याला आपलं घर दिसलं, दारात चिमा दिसली, तिच्या कडेला मैना. तो चालू लागला. घर मागं सरकलं. तो भराभर चालला, घर भराभर लांब गेलं. तो धावला, आणि दाराचा ठिपका झाला.

मग त्याला कळलं की पांदीत आपण एकटे नाही.

त्याच्या दोन्ही अंगांना माणसं चालत होती. पन्नास असतील, शंभर असतील. सगळ्यांची तोंडं गावाकडे आणि पाय मात्र गावापासून लांब जाणारे. पावलांचा आवाज नव्हता. प्रत्येकाच्या काखेत कामाच्या कपड्यांचं गाठोडं होतं, निंबाजीच्या काखेत होतं तसंच. काहींची पागोटी तर अशा जुन्या धाटणीची, की तशी बांधणारं आता गावात कुणी उरलं नव्हतं. निंबाजीच्या शेजारी एक म्हातारा होता. त्याच्या कमरेला अंबाडीचे दोन-चार तंतू अजून चिकटलेले होते. निंबाजीनं कसंबसं विचारलं, की तुम्ही कधीपासून चालता आहात.

"मी होय?" म्हातारा गावावरची नजर न काढता म्हणाला. "मी काय, चार दिवसांचा पाहुणा आहे."

निंबाजीच्या अंगावर सर्रकन काटा आला. तो वळला आणि पळत सुटला. आणि बघा, त्या पांदीत त्याच्याजवळ येत होती अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे कारखाना. त्यानं मागचं दार गाठलं, आत शिरला आणि अंबाडीच्या गठ्ठ्यावर पडून राहिला. घरी जायला आता वाटच नव्हती.

सकाळी चिमा मोठ्या दारानं आली. तात्यासमोर, सगळ्या कामगारांसमोर तिनं नवऱ्याला अंगणातल्या पावलांची हकीकत सांगितली. तिनं रात्रभर विचार केला होता. ती म्हणाली, "अहो, पावलं बाहेर पडतात ना तुमची? मग तोंड बाहेर करा. पाठीनं या घरी. दिवसभर चालता तसे."

तात्यानं मान डोलावली. आणि वर सांगितलं, की पांदीनं जाऊ नकोस. तिथं तुला मागं कोण उभं आहे ते दिसणार नाही. पेठेतून जा, भर उजेडात, आणि कमरेला अंबाडीचा भारा गुंडाळून जा.

निंबाजीनं मान खाली घातली. पेठेतून उलटं चालत जाणं म्हणजे काय, ते त्याला माहीत होतं. पण मैनेचा तो विहिरीतला आवाज त्याच्या कानातून जात नव्हता. तो उठला, कमरेला भारा गुंडाळला, मोठ्या दाराकडे पाठ केली आणि चालू लागला.

काय हसले लोक! वाण्यानं तराजू तसाच लटकत सोडला. पोरं मागं लागली. घोड्यावरचा सवंगडी पाठीमागून येत होता, त्यानं लगाम खेचला आणि विचारलं, की अरे, तू तर दरबारात कारकून ना, मग हे काय सोंग.

निंबाजी थांबला. त्याचे पाय जडावले, टाच उचलेना. मागं किती वाट उरली ते त्याला दिसत नव्हतं. त्याला वाटलं, हा इथला रस्ताही आता लांबणार. तेव्हा तो मोठ्यानं म्हणाला, "कारकून नाही मी. कारखान्यात दोर वळतो. तीन वर्षं झाली."

टाच उचलली गेली. तो मागं मागं चालत राहिला आणि जो विचारेल त्याला तेच सांगत राहिला. शेवटी टाचेला घराचा उंबरा लागला. दोन लहान हातांनी मागून त्याच्या कमरेला घट्ट मिठी मारली. निंबाजी रस्त्याकडे तोंड करून हमसून हमसून रडला. वळून बघायची छाती त्याला झाली नाही.

आता तुम्ही म्हणाल, सुटला एकदाचा. तसं नाही. तात्यानं त्याला सांगितलं होतं, की चुकवलेल्या फेऱ्या माफ होत नाहीत. रोजची एक घालायची आणि तिच्यावर जुनी एक. दोन जास्त घालीन म्हटलंस तर पाय ऐकणार नाहीत. म्हणजे तीन वर्षांच्या फेऱ्यांना आणखी तीन वर्षं. तोवर घरी पाठीनंच जायचं, घरात भिंतीकडे तोंड करूनच बसायचं. घरच्यांकडे वळून बघशील तर सगळं लांब जाईल.

निंबाजीनं ते केलं. रोज संध्याकाळी दोरावर हात ठेवून तो चालायचा. पहिल्या दिवशी त्याला नवल वाटलं, दोर इतका सुबक होता. हा कुणाच्या तरी विहिरीत उतरणार, कुणाचं तरी पाणी वर आणणार, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला बरं वाटलं. हळूहळू त्याला त्या कामाची गोडी लागली. घोडदळ त्याच्या डोक्यातून गेलं. पेठेतले लोकही हसायचे थांबले, कारण रोज रोज तेच कोण हसणार?

घरी मैना त्याच्या पाठीला टेकून बसायची आणि दिवसभराचं सांगायची. पहिल्यांदा तिचं डोकं त्याच्या पाठीच्या मध्यावर टेकायचं. पुढं ते वर वर सरकत गेलं. निंबाजीला वाटायचं, पोरगी पाटावर बसत असेल.

शेवटची फेरी झाली त्या दिवशी तो सरळ पावलांनी, पुढं बघत, पेठेतून घरी आला. घर जवळ येत होतं. अंगणात पावलं आत जाणारी उमटली. दारात एक उंच मुलगी उभी होती, लांब वेण्यांची, समोरचे मोठे दात आलेली. शेजारची कुणी असेल म्हणून निंबाजीनं तिला विचारलं, "बाळ, आमची मैना कुठं गेली गं?"

मुलीनं त्याच्याकडे नीट बघितलं. मग ती म्हणाली, "बाबा, मीच मैना."

निंबाजीनं तिला जवळ घेतलं. हात पोचले. पण आधीची, त्याच्यापासून लांब लांब जात गेलेली मैना, आणि नंतरची, पाठीमागं वाढलेली मैना, यांतली एकही त्याला नीट बघायला मिळाली नव्हती, आणि कितीही फेऱ्या घातल्या तरी ती आता मिळणार नव्हती. त्यानंतर तो म्हातारा होईपर्यंत दोर वळत राहिला आणि रोज टोल पडला की सुलटी फेरी घालून तडक घरी येत राहिला.

बोध: ज्याला आपल्या रोजच्या साध्या कामाची लाज वाटते, तो आपल्याच घरापासून दूर जातो, आणि पुढं परत आला तरी मधले दिवस त्याला परत मिळत नाहीत.