तोडेकऱ्याची वाटाडी

एका राज्यात माणसाचं तोंड नंतर बघत, पाय आधी. बाळ जन्मलं की सुईण त्याची टाच चाचपून सांगे, "पळेल," किंवा "नुसतं चालेल." ज्यांच्या वाट्याला 'नुसतं चालेल' येई, त्यांना लोक मोठेपणी प्रधान करत.

त्या राज्यात वर्षातून एकदा महादौड होई. वेशीवर नगारा झडला की निघायचं, पांढरा माळ ओलांडायचा, काळा चढ चढायचा, उतरून जुन्या वडापाशी यायचं. वडामागे एक खिंड होती, रुंदीला जेमतेम एका माणसापुरती. तिच्यातून पळत पलीकडच्या तोरणाखाली शिरायचं. जो पहिला शिरे त्याच्या पायात सोन्याचा तोडा पडे आणि त्याला म्हणत तोडेकरी. तोडा पायात असला की पाय वाऱ्याचे होत. मागून येऊन तोडेकऱ्याला गाठील असा माणूस जन्मला नव्हता. त्याच्या कीर्तीपुढे शेजारची राज्यं मान लववत, आणि राजा सिंहकेतू मिशीला पीळ देत म्हणे, "आमचे पाय!"

पण तोडा शापित होता. तो दिला होता मांत्रिक वज्रजंघाने. हा वज्रजंघ स्वतः पालखीतून खाली उतरत नसे. तोरणाखाली त्याने पाण्याचं मोठं गंगाळ ठेवलं होतं आणि त्यात तरंगे तांब्याचं घटिकापात्र, बुडाला बारीक भोक असलेलं. नगारा झडताच पात्रात पाणी शिरू लागे. ते भरून बुडायच्या आत तोडेकऱ्याने येऊन घंटा वाजवली, तर वज्रजंघ भोयांकरवी पात्र बाहेर उचलवी. नाही वाजवली, तर पात्र बुडेल त्या क्षणी तोडा ज्याच्यापाशी असेल तो जागच्या जागी दगड होई. मग तोडा आपणहून उडत येई आणि त्यानंतर तोरणाखाली जो पहिला शिरे त्याचा पाय धरी. आणि दरवर्षी ते भोक आपोआप केसभर मोठं होई.

आता तुम्हीच सांगा, टाच कितीही गुणाची असली तरी दरवर्षी केसभर जास्त कुठून आणायचं? वाटेवर दगड वाढत गेले. लोक त्यांना शेंदूर फासत, "काय पळायचा हो!" म्हणत, आणि नव्या तोडेकऱ्याला बघायला धावत.

या वेळचा तोडेकरी होता रायाजी. त्याचं लग्न झालं डोंगरापलीकडच्या गुराख्यांच्या तुंगेशी. तुंगा बोले थोडं, बघे फार. लग्नात तिने बघितलं ते असं. तिच्या बाबांनी जावयाचे पाय धुतले, मग राजवैद्याने धुतले, मग प्रधानजींनी धुतले. वऱ्हाडी रांग लावून तोड्याला हात लावून गेले. नवरदेवाच्या तोंडाकडे कुणी बघितलं नाही. तिने बघितलं. चांगलं होतं तोंड. पण जिलबीचं ताट पुढे आलं आणि राजवैद्याने खाकरून ते मागे न्यायला लावलं, तेव्हा ते लहान मुलासारखं उतरलं.

वरात दौडीच्या वाटेने आली. तुंगेने दगड बघितले. प्रत्येकाला पोटऱ्या होत्या, कोपर होते. आणि एकूण एक दगडाची मान मागे वळलेली होती.

घरी आल्यावर तिने विचारलं, "अहो, हे सगळे मागे का बघतात?"

"बघत असतील," रायाजी म्हणाला. "सवय असते. मागून कोण येतंय ते बघायची."

"पण तोडेकऱ्याला मागून कुणी गाठतच नाही ना?"

रायाजीने तोड्यावरून बोट फिरवलं. तोडा त्याच्या मांसात रुतला होता. झोपेतही त्याचे पाय चालत. तो म्हणाला, "गेल्या वर्षी शिरलो तेव्हा पात्राची नुसती कड पाण्यावर होती. तुला आधीच सांगायला हवं होतं. पण सांगू कुणाला? सगळे पायांशीच बोलतात."

तुंगेने त्या क्षणी ठरवलं. हा माणूस दगड होणार नाही. कसं, ते मात्र तिला ठाऊक नव्हतं.

पांढऱ्या माळावर, त्या दगडांमध्ये एक टिटवी राही. ती माणसासारखी बोले. तुंगा शेण्या वेचायला गेली तेव्हा टिटवी म्हणाली, "नवी सून दिसतेस. रडायला आलीस की विचारायला?"

"विचारायला."

"मग आधी तीन कामं. पहिलं: त्या म्हाताऱ्या बैलाच्या मागून दिवसभर पळ. त्याच्या पुढे गेलीस तर हरलीस."

यात काय अवघड, असं तुंगेला वाटलं. गुराख्याचीच लेक ती. पण बैल थांबे, विचार करी, पुन्हा चाले. तिचे पाय पुढे जायला तडफडत होते. लोक हसत होते, "तोडेकऱ्याच्या बायकोला बैलसुद्धा हरवेना!" ती मागेच राहिली. संध्याकाळी बैल बसला, तेव्हा तिच्या अंगात निघताना होतं तेवढंच बळ होतं.

"दुसरं," टिटवी म्हणाली. "तोंडात चूळ भर आणि काळा चढ चढ. वर गेल्यावर थुंक. गिळलीस तर पुन्हा खालून."

तुंगेने किती वेळा गिळली ते टिटवीने कुणाला सांगितलं नाही. शेवटी एका सकाळी ती माथ्यावर पोचली आणि पाणी जसंच्या तसं थुंकलं. नाकाने घेतलेला श्वास आता बेंबीपर्यंत जात होता.

"तिसरं. या दगडांमधून पळत जा. ते हाक मारतील. मागे बघू नकोस."

दगडांनी हाक मारली. एक आईच्या आवाजात म्हणाला, "तुंगे, वेणी सुटली गं." एक बाबांच्या आवाजात म्हणाला, "बाळ, पडलो मी." तिच्या मानेच्या शिरा ताठल्या. मान पुढेच राहिली.

टिटवी उडत येऊन पुढ्यात बसली. "आता ऐक. तोडेकऱ्याला मागून कुणी गाठत नाही. पण त्याच्या पुढे कोण पळतो?"

तुंगा थबकली. पुढे पळे वाटाड्या. तशी रीतच होती. तोडेकऱ्याच्या पुढे एक जण पळे, वारा अंगावर घेई, वेग धरून देई. आणि वडापाशी, खिंडीच्या तोंडाशी, बाजूला होई. वाटाड्याला कुणी बघत नसे. त्याचं नावही पुकारत नसत.

"वाटाड्या बाजूला झालाच नाही तर?" तिने विचारलं.

"तर पहिला तोच शिरेल, आणि तोडा त्याचा पाय धरायला धावेल. एक पाय सोडून दुसरा धरेपर्यंत तो क्षणभर कुणाचाच नसतो. इतक्या वर्षांत त्या क्षणी पाय मागे घेणारा कुणी निघाला नाही."

"आणि पाय मागे घेतला की?"

"ते तुझं तू बघ. मी पक्षी आहे. आणि नवऱ्याला सांगू नकोस. तो ऐकेल ते तोडा ऐकेल."

त्याच पंधरवड्यात रायाजीचा वाटाड्या, म्हणजे त्याचा चुलतभाऊ, भोकाचा आकार बघून मामाच्या गावाला पळाला. इतक्या वेगाने तो दौडीत कधी पळाला नव्हता. घरात सुतक पडल्यासारखं झालं.

"मी पळते," तुंगा म्हणाली.

सासूबाईंच्या हातातली पळी खाली पडली. रायाजी हसला. "तू? अगं, तुला उत्तर द्यायलासुद्धा वेळ लागतो."

"उत्तर कुठे द्यायचंय? पळायचंय."

प्रकरण दरबारात गेलं. राजाने वज्रजंघाकडे बघितलं. वज्रजंघाने पालखीतूनच हात हलवला. "वाटाड्या कोण, हे कधी कुणी बघितलंय? पळू दे."

दौडीचा दिवस उजाडला! वेशीवर पाय ठेवायला जागा नव्हती. तुंगेने लुगड्याचा कासोटा आवळला, पदर कमरेला खोचला. पाठीमागे रायाजीचा श्वास तिला ऐकू येत होता, भेदरलेल्या घोड्यासारखा. नगारा झडला.

आणि तुंगा सावकाश निघाली.

"अगं पळ!" लोक ओरडले. "बैल आला, बैल!" माळावर बाकीचे धावकरी धूळ उडवत दोघांच्या पुढे निघून गेले. असं कधीच घडलं नव्हतं. रायाजी मागून म्हणाला, "तुंगे, काय करतेस? दरसाल सुरुवातीलाच आम्ही बाण सुटल्यासारखे—"

"म्हणून तर," ती म्हणाली, आणि पुढे बोलली नाही. वाटाड्याने धरून दिलेला वेग मोडायचा नाही, अशी तोडेकऱ्याची रीत. तो दात खात तिच्या मागे राहिला.

माळ संपला. पुढे गेलेले एकेक करत कमरेवर हात ठेवून उभे राहिलेले दिसले. तुंगेचा वेग तोच. न कमी, न जास्त. काळा चढ आला. तिने तोंड मिटलं, जणू चूळ भरली आहे, आणि नाकाने श्वास ओढला. पाय वर, पाय वर! मागे तोडा किणकिणत होता. तो किणकिणतोय तोवर रायाजी माणूस आहे, एवढं तिला कळत होतं. माथ्यावर पोचले तेव्हा पुढे कुणी उरलं नव्हतं. आणि रायाजी, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, माथ्यावर येऊन धापा टाकत नव्हता.

"तुंगे!" तो ओरडला, आणि त्या आवाजात आनंद होता. "माझ्या पायांत बळ शिल्लक आहे गं!"

"मग आता या!" म्हणत तिने पाय सोडले.

उतार! दगड दोहोंकडून मागे पळत होते. शेंदूर, पोटऱ्या, वळलेल्या माना. तोरणापाशी वज्रजंघ पालखीतून मान लांबवून गंगाळाकडे बघत होता. पात्र निम्म्याच्या वर भरलं होतं. राजा उभा राहिला होता. वड आला. वाटाड्याने बाजूला व्हायची जागा आली, पिढ्यान् पिढ्यांच्या पावलांनी गुळगुळीत झालेली.

तुंगा सरळ खिंडीत शिरली.

"अगं, बाजूला हो!" रायाजी किंचाळला. "वड मागे गेला! लोक बघतायत!"

ती पळत राहिली. खिंडीच्या दोन्ही भिंती तिच्या खांद्यांना घासत होत्या. मग खिंडीतून हाका येऊ लागल्या. आईची, बाबांची. आणि मग रायाजीचीच, अगदी कानाजवळ, "तुंगे, माझे पाय जड झाले. एकदा बघ. एकदाच." ही हाक दगडांची की त्याची? तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिने कान फक्त किणकिणीकडे लावले. किण. किण. किण. माणूस आहे अजून. पुढे!

ती तोरणाखाली शिरली.

रायाजीच्या पायातला तोडा फटकन उघडला, जमिनीवर चाकासारखा फिरत आला आणि तिच्या पुढ्यात उभा राहिला. तापलेला, झळाळता. त्याच्या नुसत्या झळीने तिच्या टाचांत वारा भरला. आत्ता, या क्षणी, ती पुन्हा सारी दौड पळू शकली असती, आणि उद्या, आणि परवा. लोकांनी एकच गर्जना केली. पहिल्यांदा कुणी तिचं नाव घेत होतं.

"मुली, पाय पुढे कर," वज्रजंघ म्हणाला. "मग घंटा वाजव."

तुंगेने गंगाळाकडे बघितलं. पात्राची नुसती कड पाण्यावर होती. ते बुडेल तेव्हा तोडा ज्याच्यापाशी असेल तो दगड. ज्याच्यापाशी.

तिने पाय मागे घेतला. वाकून तोडा हाताने उचलला, भाकरी परतणाऱ्या बाईला एवढी आच काही नवी नसते, आणि तो पात्रात टाकला.

"नको!" वज्रजंघ ओरडला. पालखीतून उतरून धावायला हवं होतं. ते त्याला येत नव्हतं.

पात्र बुडालं. बुडताना त्याच्या पोटात तोडा होता, म्हणून पात्रच दगड झालं, आणि तोड्यासकट तळाशी जाऊन दुभंगलं. घंटा कुणी न वाजवता वाजली.

रायाजी खिंडीतून बाहेर आला. त्याने पायाकडे बघितलं, मग तिच्या भाजलेल्या हाताकडे, आणि मटकन खाली बसला. पळून दमल्यावर बसतात तसा.

तेवढ्यात खिंडीतून पावलं ऐकू आली. एक, मग दुसरा, मग रांगच! सारे जुने तोडेकरी, अंगाला शेंदूर, डोळ्यांत धूळ, आपापली अर्धी राहिलेली दौड पुरी करत तोरणाखाली शिरत होते. गर्दीतली एक म्हातारी पुढे आली आणि तिने एकाची हनुवटी धरून तोंड वर केलं. "धोंडू," ती म्हणाली. "तोंड विसरले नव्हते रे." त्या दिवशी त्या राज्यात लोकांनी एकमेकांची तोंडं बघितली.

वज्रजंघाची पालखी भोयांनी खाली ठेवली ती उचललीच नाही. तो चालत गेला. अजून पोचला नाही म्हणतात.

राजाने डोक्यावरचा मंदील काढून हातात घेतला. "मुली, माग."

"दौड होऊ द्या, महाराज," तुंगा म्हणाली. "पण पात्र नको. आणि वाटाड्याचं नाव पुकारत जा."

"दिलं. अजून?"

तिने रायाजीकडे बघितलं. "जिलबी."

राजवैद्य खाकरला. राजाने त्याच्याकडे असं बघितलं की खोकला कायमचा बरा झाला.

ताट आलं, तशा बायका जमल्या. सासूबाई सगळ्यांत पुढे. "नाव घेतल्याशिवाय एक वेढं मिळायचं नाही हं, सूनबाई!" तुंगा थोडं बोले, पण त्या दिवशी मान वर करून, खणखणीत म्हणाली,

"सोन्याचा तोडा तळाला, घंटेचा नाद कानी,
रायाजीराव दुसरे आले, त्यांना द्या गं पाणी!"

सगळ्यांत मोठ्याने हसला तो रायाजी. टिटवी वडावरून उडाली, माळाकडे गेली. दगड घरी गेले, वाट मोकळी झाली, आणि पुढच्या महादौडीला सुईणींनीसुद्धा नावं घातली.