हौसाक्काची सवत

गावात वीज यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. शिंगरेवाडीत केरबा लोहार राहायचा, आणि त्याची बायको हौसा. केरबानं एकदा कापसाच्या कारखान्यात वाफेचं इंजिन बघितलं आणि तो त्याच्यावर भाळला. तसंच, पण पाटावर मावेल एवढं इंजिन घरी करायचं, असं त्याच्या मनानं घेतलं. त्यानं लाकडाचे साचे कोरले, शहरातल्या भट्टीवर बिडाच्या लोखंडाचे भाग ओतून घेतले आणि पोत्यात भरून घरी आणले. काळे, खरबरीत, वाळू चिकटलेले. हौसानं पोत्यात डोकावून नाक मुरडलं.

सोप्यात केरबानं हातानं फिरवायचा लेथ मांडला. एकानं मोठं चाक फिरवायचं, दुसऱ्यानं हत्यार धरून फिरतं बीड कातायचं. चाक फिरवायला अर्थातच हौसा. भाकरी थापून झाल्या की ती येऊन दांडा धरायची. तिचे खांदे भरून यायचे, काळा कीस लुगड्यावर उडायचा. केरबाची नजर मात्र बिडावर. वरची साल निघून खालचं लख्ख अंग दिसायला लागलं की तो हसायचा. असा तो लग्नातसुद्धा हसला नव्हता.

एक दिवस कातता कातता तो हळूच म्हणाला, "दमलीस व्हय गं?"

हौसाचा जीव सुखावला. "न्हाई हो, कुठं दमतीय!"

केरबानं वर बघितलंसुद्धा नाही. तापलेल्या सिलिंडरवरून बोट फिरवत तो सिलिंडरलाच विचारत होता.

त्या दिवसापासून हौसा इंजिनाला सवत म्हणायला लागली. तिच्या माहेरच्या मऊ लुगड्याचा काठ फाडून केरबानं सवतीला पुसलं, घरातलं तेल सवतीला पाजलं. हौसा आतून इतकी जळायची, की ती नुसती जवळून गेली तरी विझलेली चूल पेट घ्यायची, असं म्हणतात.

शेवटी इंजिनाचं फिरतं चाक तेवढं कातायचं उरलं. केरबानं तेही कातलं, उन्हात ठेवलं आणि तो पारावर गेला. हौसानं ते उचललं, पोटाशी धरलं आणि नेऊन विहिरीत टाकलं.

पण पाणी काही शांत होईना. विहीर गरगरा फिरायला लागली. घागरी बुडेनात, दोर पिळवटून निघाले, असं म्हणतात. सगळं गाव काठावर जमलं. केरबानं आधी पाण्याकडे बघितलं, मग बायकोकडे.

"का टाकलंस?"

"बिडाला इचारता दमलीस का म्हणून!" गावादेखत हौसाला रडू फुटलं. "आन् माझे हात सोलले, ते कधी बघितलेत?"

केरबानं तिचे हात धरून बघितले. तो विहिरीत उतरायला लागला, तसं हौसानं त्याला मागं ओढलं. "मी टाकलंय, मीच काढते." पदर खोचून ती पायऱ्या उतरली. तिचा पाय लागताच पाणी थांबलं आणि ते एवढं जड चाक आपसूक वर तरंगून आलं. गंजाचा ठिपका नव्हता त्यावर.

केरबानं इंजिन जोडलं, पाणी भरलं, निखारे घातले. वाफ फुसफुसली, पण चाक हलेना. त्यानं तेल घातलं, गोंजारलं, शेवटी हात जोडले. हौसा दारातून बघत होती. तिचा राग अजून गेला नव्हता. ती तरातरा आली आणि चाकाला एक चापट ठेवून दिली.

"चल गं सवती! नखरे पुरे!"

इंजिन असं सुटलं, की फडताळातली भांडी वाजायला लागली.

तेव्हापासून ते फक्त तिच्याच हातानं चालायचं. लांबलांबून माणसं यायची, ती हौसाक्काचं इंजिन बघायला. केरबा उंबऱ्यावर बसून राहायचा, आणि आता जळायची पाळी त्याची होती.

"माझ्यापरीस तुझं ऐकतंय," एकदा तो म्हणालाच.

"ऐकंल न्हाई तर! दांडा फिरवलाय कुणी?"

केरबा उठला. त्यानं लेथच्या मोठ्या चाकाचा दांडा स्वतः धरला आणि कातायचं हत्यार तिच्या हातात दिलं. पुढं त्या घरातून जी जी इंजिनं झाली, ती हौसाक्कानं कातलेली, असं म्हणतात.

आता शिंगरेवाडीत घरोघरी विजेवरचे लेथ आहेत. खंडेनवमीला गडीमाणसं यंत्रं पुसून, फुलं वाहून बाहेर जाऊन उभी राहतात. बटण दाबते ती घरची बाई, आणि पूजेनंतरचं पहिलं बीडही तीच कातते. तिच्या पायाशी पडलेला कीस त्या दिवशी कुणी झाडत नाही. त्याला हौसाक्काचं लेणं म्हणतात.