सहस्रकर्ण नागाला न ऐकू आलेले पंख

एका राज्यात प्रतर्दन नावाचा राजा होता. एके दिवशी कराळकेतू मांत्रिकाने भर दरबारात त्याला रक्तमणी नजर केला. राजाने तो गळ्यात घातला मात्र, त्याचे पाय दगडाचे झाले!

मांत्रिक हसला. "हा मणी सुळकागडाच्या शिखरावरचा आहे. तो परत तिथे ठेवलात, तर शाप सुटेल. पण तिथे सहस्रकर्ण नाग पहारा करतो. त्याने पंखांचा आवाज ऐकला, की उडणाराच दगड होतो." एवढे बोलून तो धूर होऊन गेला.

सुळकागडाला वाट नव्हती. राजकन्या सुवर्चलेकडे लाकडी गरुड होता. तो आकाशात उडे, पण त्याचे पंख असे घोंघावत की तीन गावांची गुरे बुजत. इकडे दगड राजाच्या कमरेपर्यंत चढला.

सुवर्चला अरण्यात गेली. वडाच्या ढोलीत धूम्रा नावाची म्हातारी घुबडीण राहत होती.

"मावशी, तू उडतेस तेव्हा उंदरालाही कळत नाही. हे कसे?"

"आजवर मला हाकलायलाच माणसे आली. विचारायला तूच पहिली!" धूम्रेने पंख पसरला. "नीट बघ. पुढच्या कडेला फणीसारखे दाते आहेत, ते वारा विंचरतात. मागच्या कडेला मऊ झालर आहे, ती वाऱ्याला हळूच निरोप देते. वर मखमली लव आहे, ती उरलासुरला आवाज गिळते. तिन्ही मिळव."

सुवर्चला नागकेतकीच्या बनात शिरली. तिथली पाने जवळ येणाऱ्याला ओरबाडत. रक्ताळल्या हातांनी तिने दातेरी पाने कापून आणली आणि गरुडाच्या पंखांना पुढून जडवली.

मग ती धुक्याच्या डोहावर गेली. तिथे एक यक्षीण धुक्याची शाल विणत होती.

"तुझ्या शालीची झालर दे."

"बदल्यात काय देशील?"

"माझी सावली."

यक्षिणीने सावली घडी करून पेटीत ठेवली आणि झालर दिली.

शेवटी ती वावटळीच्या पोटात उभ्या असलेल्या सावरीच्या झाडावर चढली. वाऱ्याने तिला दोनदा खाली फेकले. तिसऱ्यांदा तिने फांदीला पदराने स्वतःला बांधून घेतले आणि ओटीभर कापूस वेचला.

राजवाड्यात परतली, तेव्हा सेवकांनी गच्चीत नेऊन ठेवलेल्या राजाच्या गळ्याशी दगड आला होता. तिने त्याच्या गळ्यातला मणी काढून घेतला.

"पोरी, नको जाऊस," तो कसाबसा म्हणाला.

"तात, माझी वाट पाहा!"

तिने पंखांना मागून झालर शिवली, वर कापूस चिकटवला आणि पहाटे गरुड उडाला. आवाज नाही! सुवर्चलेला आपल्याच छातीची धडधड ऐकू येत होती. शिखर जवळ आले. नाग वेटोळे घालून पडला होता, त्याचे हजार कान वाऱ्यात हलत होते. एवढ्यात कड्याच्या टोकाला घासून डाव्या पंखाची झालर फाटली. स्स्स... बारीकशी शीळ उमटली. हजारच्या हजार कान तिच्याकडे वळले!

सुवर्चला सरपटत पंखावर गेली. तिने वेणी सोडली आणि मोकळे केस फाटलेल्या कडेवर पसरून हातांनी दाबून धरले. शीळ थांबली. वाराच असेल, असे वाटून नागाने जांभई दिली आणि डोके पुन्हा वेटोळ्यात घातले. गरुड त्याच्या फण्यावरून ढगासारखा सरकला. तिने एक हात लांबवून मणी शिखरावरच्या त्याच्या खोबणीत ठेवला.

त्याच क्षणी शाप मांत्रिकावरच उलटला आणि नाग राखेचा ढीग झाला. दूर कुठेतरी कराळकेतूची किंकाळी उठली आणि विरली. यक्षिणीच्या पेटीतून निसटलेली सावली धावत येऊन सुवर्चलेच्या पायांना बिलगली.

इकडे राजा गच्चीत डोळे मिटून उभा होता. पंखांच्या घोंघावण्याकडे त्याने कान लावले होते. सूर्य वर आला, तरी काहीच ऐकू येईना. 'माझी पोर गेली,' असे म्हणून त्याने आशा सोडली.

गरुड त्याच्या पाठीमागे अलगद उतरला.

"तात, मी आले!"

राजा एवढा दचकला, की त्याने हातभर उंच उडी मारली. आणि खाली आला तो आपल्या दोन हाडामांसाच्या पायांवर!